मंदपणा कमवावा लागतो

भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी बेडकाचे दोन स्नायू दोन वेगळ्या प्रयोगशाळांत हाताळले. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोटरीचा स्नायू नसेसकट काढायचा, विजेचा हलका झटका द्यायचा आणि कायमोग्राफच्या काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर उमटणारी रेघ पाहायची. झटक्यासरशी रेघ वर उसळायची आणि लगेच खाली यायची. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याच जातीच्या बेडकाच्या पोटावरचा सरळ स्नायू, म्हणजे रेक्टस अ‍ॅब्डॉमिनिस, क्षारद्रावणात टांगायचा आणि त्यात अ‍ॅसिटिलकोलीन सोडायचे. इथे रेघ सावकाश चढायची, वर जाऊन टिकायची आणि द्रावण बदलून स्नायू धुतल्यावरच उतरायची. विद्यार्थी दोन्ही आलेख आपापल्या जर्नलात चिकटवत. एकाच प्राण्याच्या दोन स्नायूंचे वागणे इतके वेगळे का, हा प्रश्न मात्र दोन विभागांच्या मधल्या भिंतीत अडकून राही, कारण तो कोणत्याच एका विषयाच्या अभ्यासक्रमात बसत नव्हता.

त्याचे उत्तर मंद स्नायुतंतूंमध्ये आहे. पोटरीच्या त्या स्नायूत जलद तंतूंचे राज्य असते, पोटावरच्या स्नायूत मंद तंतूंचा मोठा वाटा असतो. पुढे पाठ्यपुस्तकात या दोघांचा एक तक्ता येतो. एका बाजूला लाल, मंद, न थकणारे. दुसऱ्या बाजूला पांढरे, जलद, लवकर थकणारे. तक्ता पाठ होतो आणि मनात एक समजूत पक्की होते, की वेग ही मूळ क्षमता आणि मंदपणा म्हणजे तिची उणीव. ही समजूत चुकीची आहे असे मला ठामपणे वाटते. मंद तंतू ही स्वतंत्र क्षमता आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या जवळजवळ प्रत्येक शाखेने ती आपापल्या गरजेप्रमाणे राखली, घडवली किंवा क्वचित टाकून दिली. आणि ज्या शरीरात ती आहे तिथेही ती आपोआप टिकत नाही. रोजच्या कामातून ती कमवावी लागते. या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या, तर माणसाच्या श्रमांकडे पाहण्याची आपली दृष्टीही तपासावी लागेल.

हा विचार मांडायला हुबळीच्या विद्यानगराइतकी योग्य वस्ती दुसरी सापडणार नाही. १९४७ साली बीव्हीबी अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली संस्था इथे आहे, जाबिन सायन्स कॉलेज इथे आहे आणि १९५७ साली सुरू झालेले, पुढे किम्स म्हणून ओळखले गेलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही इथेच आहे. मासा, बेडूक आणि कबुतर यांचे शरीर प्राणिशास्त्राला ठाऊक. रुग्णाचे शरीर वैद्यकाला ठाऊक. बल, अंतर आणि काम यांचे गणित अभियांत्रिकीला ठाऊक. मंद तंतू समजून घ्यायला हे तिन्ही लागतात. तिन्ही विद्या एकाच वस्तीत असूनही त्या क्वचितच एका वर्गात बसतात, आणि ही स्थिती काही एकट्या विद्यानगराची नाही.

आधी तंतूच्या आतले कामकाज पाहू. स्नायू आखडतो तेव्हा मायोसिन नावाचे प्रथिन अ‍ॅक्टिनच्या धाग्याला पकडते, ओढते आणि सोडते. पकड सोडवून पुन्हा सज्ज व्हायला एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्च होतो. जलद तंतूतले मायोसिन हे चक्र भराभर फिरवते. मंद तंतूतले मायोसिन धरलेले बराच वेळ धरून ठेवते. यातला हिशोब साधा आहे. भार उचलून झटकन हलवायचा असेल तर भराभर पकडणारे-सोडणारे मायोसिन हवे. पण तोच भार मिनिटभर नुसता तोलून धरायचा असेल, तर जलद तंतूला कितीतरी जास्त वेळा एटीपी मोजावे लागते आणि मंद तंतू थोडक्यात निभावतो. म्हणजे मंद तंतूचा मंदपणा हाच त्याच्या काटकसरीचा उगम आहे. वेग वाढवला की काटकसर जाते. दोन्ही एकाच रेणूत मिळत नाहीत. म्हणूनच दोन प्रकारचे तंतू लागतात.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रान्व्हिए याने १८७३ च्या सुमारास सशाच्या लाल आणि पांढऱ्या स्नायूंची तुलना करून दाखवले, की लाल स्नायू सावकाश आखडतो. लाली येते ती मायोग्लोबिनमुळे. शिवाय भरपूर मायटोकॉन्ड्रिया आणि दाट केशवाहिन्या असल्यामुळे हे तंतू प्राणवायूवर दीर्घकाळ चालतात. माणसाच्या मंद तंतूंत जे मायोसिन असते तेच त्याच्या हृदयाच्या जवनिकांतही असते. जन्मभर न थांबता चालणाऱ्या अवयवासाठी निसर्गाने हेच मायोसिन वापरले, एवढे एक उदाहरण ‘मंद म्हणजे दुय्यम’ ही समजूत मोडायला पुरेसे आहे. कासवाच्या स्नायूंवर रॉजर वूलेज यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतही हेच दिसले. ताण धरून ठेवताना कासवाचा स्नायू बेडकाच्या जलद स्नायूपेक्षा फार कमी उष्णता वाया घालवतो आणि खर्चलेल्या ऊर्जेचा जास्त वाटा कामी लावतो.

पण ‘मंद तंतू’ ही एकच गोष्ट आहे, असे मानले की दुसरी चूक होते. १९५३ साली स्टीफन कफलर आणि वॉन विल्यम्स यांनी बेडकाच्या मंद तंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या पोटरीतला मंद तंतूदेखील चेतातंतूच्या प्रत्येक संदेशाला एक पूर्ण झटका देऊन आखडतो, फक्त सावकाश. बेडकाचा हा तंतू तसा झटका देतच नाही. त्याच्यावर ठिकठिकाणी चेतातंतूंची टोके येऊन मिळतात, विजेची लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत नाही आणि संदेश जितके जास्त तितका ताण हळूहळू वाढत जातो. याला टॉनिक तंतू म्हणतात. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेतली ती सावकाश चढणारी रेघ याच तंतूंची. पहिल्या पावसात डबक्यांत नर बेडूक मादीला पुढच्या पायांनी कवळून तासन्‌तास, काही जातींत दिवसेंदिवस, धरून बसतो. ती मिठी सुटली तर प्रजोत्पादनाची संधी गेली. या पकडीत टॉनिक तंतूंचा मोठा हात असतो. झेप घेणारी मांडी आणि न सुटणारी मिठी या दोन्हींवर बेडकाची पुढची पिढी अवलंबून आहे. यातली एक क्षमता वरची आणि दुसरी खालची, असे कोणत्या निकषावर ठरवायचे?

पक्ष्यांमध्येही असे तंतू आहेत. कोंबडीचा पंख मिटून अंगाशी धरणारा खांद्यामागचा एक स्नायू जवळजवळ पूर्णपणे मंद टॉनिक तंतूंचा असतो. सस्तन प्राण्यांच्या हातापायांतून मात्र हे तंतू गेले. ते राहिले मुख्यतः डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत. १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसाच्या स्वरतंतूंच्या स्नायूतही मंद टॉनिक तंतू असल्याचे नोंदवले आणि मानवी वाणीशी त्यांचा संबंध असावा, असे सुचवले. या निष्कर्षावर अजून वाद आहे. तरीही हुबळीच्या माणसाला हा प्रश्न जवळचा वाटावा. १९१३ साली धारवाडात जन्मलेल्या गंगूबाई हनगल यांनी याच शहरात आयुष्य काढले. गुरू सवाई गंधर्वांकडे शिकायला त्या इथून कुंदगोळला जात. किराणा घराण्याची सगळी भिस्त स्वर लावण्यावर आणि लावलेला स्वर न हलवता धरण्यावर. तो धरण्यासाठी गळ्यातले नेमके कोणते तंतू राबतात, हा प्रश्न संगीताच्या अभ्यासकाने आणि शरीरशास्त्रज्ञाने मिळून सोडवण्यासारखा आहे.

तिसरी चूक तक्त्यातच छापलेली असते: लाल म्हणजे मंद. ती चूक कशी, हे समजायला मराठी माणसाच्या ओळखीच्या एका शहरात जावे लागते. सयाजीराव गायकवाडांचे नाव घेतलेल्या बडोद्याच्या विद्यापीठात, म्हणजे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, जे. सी. जॉर्ज यांनी पक्ष्यांच्या स्नायूंवर संशोधनाची एक परंपराच उभी केली. कबुतराच्या छातीच्या स्नायूत रुंद पांढरे आणि अरुंद लाल असे दोन प्रकारचे तंतू असतात. पांढऱ्यांत साठा ग्लायकोजेनचा आणि लालांत मुख्यतः चरबीचा, हे जॉर्ज आणि आर. एम. नाईक यांनी १९५८ साली ‘नेचर’मध्ये मांडले. लांब पल्ल्याच्या उड्डाणाला चरबी हे इंधन लागते, हा विचार त्यातून पुढे आला. हिवाळ्यात ज्वारीच्या रानांवर थव्यांनी उतरणाऱ्या भोरड्या त्यांच्या प्रयोगशाळेच्या अभ्यासाचा विषय होत्या. अँड्र्यू बर्जर यांच्यासोबत जॉर्ज यांनी लिहिलेला ‘एव्हियन मायॉलॉजी’ हा ग्रंथ १९६६ साली निघाला.

आता गंमत अशी, की कबुतराचे हे लाल तंतू मंद नाहीत. पंख फडफडवायला वेग लागतो; म्हणून ते जलद आहेत आणि तरीही न थकणारे आहेत. हिवाळ्यात हिमालय ओलांडून गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर उतरणाऱ्या, डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसांचेही तसेच. त्यांच्या उड्डाणस्नायूंत केशवाहिन्या अधिक दाट असतात आणि मायटोकॉन्ड्रिया तंतूच्या कडेला, रक्ताच्या जवळ सरकलेले असतात. विरळ हवेत प्राणवायू मिळवायची ती सोय आहे. म्हणजे चिवटपणा आणि मंदपणा हे दोन वेगळे गुण आहेत. चिवटपणा इंधनाच्या आणि प्राणवायूच्या पुरवठ्यातून येतो, मंदपणा मायोसिनच्या पकडीतून. मग पक्ष्याच्या छातीत खरोखरचे मंद तंतू कुठे सापडतात? जिथे पंख हलवायचे नसून पसरून धरायचे असतात तिथे. जॉर्ज पुढे कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात गेले आणि रॉसर यांच्यासोबत १९८६ साली त्यांनी अमेरिकेतल्या टर्की गिधाडाच्या छातीच्या स्नायूत मंद तंतू दाखवून दिले. तासन्‌तास घिरट्या घालताना पंख आडवे तोलून धरण्यासाठी ते उपयोगी पडतात. कबुतराच्या छातीत त्यांची गरज नाही, म्हणून ते नाहीत.

गरज कशी ठरते, हे आकारमानावरूनही दिसते. आपल्या घरातल्या चिचुंद्रीच्याच प्रजातीतला एट्रुस्कन श्रू हा वजनाने जगातल्या सर्वांत लहान सस्तन प्राण्यांपैकी एक. त्याच्या तपासलेल्या स्नायूंत मंद तंतू सापडलेच नाहीत. इतके छोटे शरीर सतत उष्णता गमावते, श्वास आणि पाय विलक्षण वेगाने चालवावे लागतात. तिथे मंद तंतूला जागा नाही. दुसऱ्या टोकाला गाय. तिच्या जबड्याचा चावणारा मुख्य स्नायू जवळजवळ पूर्णपणे मंद तंतूंचा असतो. चरणे आणि रवंथ यांत तिच्या दिवसाचे कितीतरी तास जातात आणि जबडा एकाच संथ लयीत फिरत राहतो. बांगडा किंवा सुरमई चिरताना कातडीखाली कडेने जाणारा गडद पट्टा दिसतो. तो मंद लाल स्नायू माशाला दिवसभर सावकाश पोहत ठेवतो, आणि बाकीचे फिकट मांस शत्रू दिसल्यावर क्षणभराच्या उसळीसाठी असते. लॉरेन्स रोम आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली कार्प माशावर हे मोजले. प्रत्येक तंतू एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच उत्तम चालतो. लाल स्नायूवर उसळी मारता येत नाही आणि पांढऱ्यावर सावकाश पोहणे परवडत नाही. म्हणून मासा दोन्ही बाळगतो.

इथपर्यंत वंशपरंपरेची गोष्ट झाली. खरा धक्का पुढे आहे. १९६० साली बुलर, जॉन एकल्स आणि रोझामंड एकल्स यांनी मांजरांच्या मंद आणि जलद स्नायूंच्या नसा एकमेकांना जोडून पाहिल्या. मंद स्नायूला जलद स्नायूची नस मिळाली तेव्हा तो जलद होऊ लागला, जलद स्नायू मंदावला. १९६९ साली सॅमन्स आणि व्हर्बोव्हा यांनी सशाच्या जलद स्नायूच्या नसेला कमी वारंवारितेचे विजेचे संदेश आठवडेच्या आठवडे सतत दिले. तो स्नायू मंद झाला. म्हणजे मंद असणे हा तंतूचा कायमचा शिक्का नव्हे. मज्जारज्जूतून येणाऱ्या संथ, सततच्या संदेशांनी तो गुण रोज टिकवला जातो. संदेश थांबले तर काय होते, हेही आता माहीत आहे. अंतराळातून परतलेल्या उंदरांत आणि माणसांत, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्यांत, मज्जारज्जू तुटलेल्या रुग्णांत, उभे राहण्यासाठी लागणारा पोटरीतला सोलियस स्नायू क्षीण होतो आणि त्यातले मंद तंतू जलद प्रकाराकडे सरकतात. निरोगी माणसाच्या सोलियसमध्ये सुमारे ऐंशी टक्के तंतू मंद असतात. काम काढून घेतले की स्नायू ‘वेगवान’ होतो आणि दुबळा होतो. जे काही न करता उरते ते जलद. मंदपणासाठी मात्र काम करत राहावे लागते.

यावर दोन गंभीर आक्षेप आहेत. पहिला, तंतूंचे प्रमाण बरेचसे जन्मतः ठरते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या फरकाचा मोठा वाटा, निम्म्याच्या आसपास, आनुवंशिक दिसतो. हे खरे आहे, पण उरलेला निम्मा वाटा काम, सवय आणि परिस्थिती यांचा आहे, आणि धोरण त्यावरच बोलू शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हातारपणी आधी आणि जास्त झिजतात ते जलद तंतू. पाय घसरल्यावर तोल सावरणारा झटका त्यांचाच. म्हणून वृद्धांना वजनाचे व्यायाम सांगितले जातात आणि ते योग्यच आहे. मंद तंतूंची बाजू मांडताना जलद तंतूंची निंदा करण्याचे कारण नाही. माझा विरोध एकाच मोजपट्टीला आहे. शाळेत शारीरिक क्षमता शंभर मीटरच्या धावेने मोजायची, स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी मुलांना दिवसभर बाकावर बसवायचे आणि मग त्यांची पाठ दुखते म्हणून आश्चर्य करायचे, हे त्या मोजपट्टीचे फळ आहे. कण्यालगतचे स्नायू बहुतांशी मंद आहेत. त्यांना हालचालीचे काम देणे हा मुलांच्या वेळापत्रकाचा भाग असला पाहिजे. खेळाच्या तासाला गणिताचा जादा तास लावणे थांबले पाहिजे.

आता श्रमांकडे येऊ. भौतिकशास्त्रात काम म्हणजे बल गुणिले अंतर. डोक्यावर पाटी धरून निश्चल उभ्या असलेल्या माणसाने या सूत्राप्रमाणे शून्य काम केले. अभियंत्याला हे सूत्र योग्य आहे, कारण पाटी खांबावर ठेवली तर खांब काहीच खर्च करत नाही. स्नायू मात्र खर्च करतो. मायोसिनची पकड-सोड चालूच असते, एटीपी जळत असते. धरून ठेवण्याचे हे काम बहुतेक मंद तंतूंचे आहे, आणि ते आपल्या हिशोबाच्या वहीत कुठेच येत नाही. मजुरी ठरते ती किती पोती हलवली, किती सऱ्या भांगलल्या, किती गिऱ्हाइके झाली यावर. सरीत वाकून असलेली पाठ, पहाऱ्याला ताटकळलेले पाय, शिलाई मशीनवर ताणलेले खांदे यांना मोल नाही.

‘मंद तंतू थकत नाहीत, मग सवय झालेल्यांना त्रास कसला?’ असे कोणी म्हणेल, तर त्याचेही उत्तर शास्त्रात आहे. एल्वुड हेनमन यांनी दाखवलेल्या नियमाप्रमाणे स्नायू वापरताना आधी लहान चेतापेशी जाग्या होतात, म्हणजे मंद तंतू सर्वांत आधी कामाला लागतात. हलक्या पण न थांबणाऱ्या कामात तेच तंतू पहिल्यापासून शेवटपर्यंत जुंपलेले राहतात. मोठे तंतू मध्येच विश्रांती घेऊ शकतात, यांना ती मिळत नाही. स्वीडनच्या योरान हेग यांनी १९९१ साली यावरून ‘सिंड्रेला तंतू’ ही कल्पना मांडली. घरात सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी झोपणारी ती पोरगी. मान आणि खांदे धरून चालणाऱ्या कामांतल्या जुनाट दुखण्यांचे हे एक स्पष्टीकरण मानले जाते. म्हणजे मंद तंतूला दोन्ही बाजूंनी मार बसतो. काम काढून घेतले तर तो स्वभाव गमावतो, आणि उसंतच दिली नाही तर तो दुखावतो. त्याला हवे असते सतत थोडे काम आणि मधूनमधून पकड सैल करायची मोकळीक.

ही मोकळीक कायद्याने देता येते. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यात लिहिला, तो कपड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या लढ्यामुळे. हुबळीच्या दाजीबान पेठेपासून कोल्हापूर-सांगलीच्या बाजारपेठांपर्यंत जिथे जिथे विक्रेत्या उभ्याने काम करतात, तिथे एक स्टूल आणि ते वापरायची मुभा यांपलीकडे फारसे काही लागत नाही. विद्यानगरातल्या तीन विद्यांना इथे खरे काम आहे. अभियांत्रिकीने स्थिर भाराचे श्रम मोजायची साधी पद्धत बसवावी, वैद्यकाने कोणत्या कामात किती वेळाने उसंत लागते हे रुग्णांच्या नोंदींवरून सांगावे, आणि प्राणिशास्त्राने विद्यार्थ्यांना गिधाड, गाय आणि मासा यांच्या शेजारी माणूस ठेवून शिकवावा. रोजंदारीच्या दरात धरून ठेवण्याचे, वाकून राहण्याचे, उभे राहण्याचे तास वेगळे मोजले जावेत आणि त्यांची विश्रांती पगारी असावी, ही मागणी मी शरीरशास्त्राच्या आधारावर करतो. ज्या कामाने शरीरातली ऊर्जा खर्च होते, त्याला शून्य लिहिणारा हिशोब चुकीचा आहे आणि तो दुरुस्त केला पाहिजे.